लसूणघास आणि बारा पाट्या मासळी

आमच्या दादरच्या घरात बारा पाट्या कुजकी मासळी आली, ती माझ्या वाचनाच्या आवडीमुळे.

गोष्ट प्लेगाच्या आधीची. मी गिरगावातली. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी मला हौसेने वाचायला शिकवलं आणि मग समुद्राकाठी दादरला दिलं, जिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. माड होते, विहीर होती, पायाखाली वाळू होती आणि सासूबाई होत्या. सासूबाईंना बायकांनी वाचलेलं खपत नसे. "अक्षरं बघून बघून भाकरी करपते," असं त्यांचं मत होतं. (भाकरी एकदा करपली होती हे मी कबूल करते. दोनदा म्हणा.)

पण मामंजी पेन्शनीत निघाले आणि त्यांच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं. मुलगा दिवसभर फोर्टातल्या कचेरीत. मग वाचून दाखवणार कोण? एके दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी ओटीवरून हाक मारली, "सूनबाई, जरा इकडे ये. हे काय छापलंय बघ." त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास मी ओटीवर, पदर नीट घेऊन, मामंजींना वाचून दाखवू लागले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराआड भांडी आपटत. रोज तेवढीच भांडी, पण अर्धा तास पुरवून पुरवून आपटत.

आता घोड्याचं सांगते. मामंजींनी पेन्शनीत गेल्यावर फिरायला छोटी गाडी घेतली आणि तिला ट्रामचा एक म्हातारा घोडा जोडला. ट्रामच्या घोड्यांना घंटेची शिकवण असते. एक घंटा झाली की थांबायचं, दोन झाल्या की चालायचं. हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच फेरीत वाटेत देऊळ लागलं. आत कोणा भाविकाने घंटा वाजवली आणि घोडा रस्त्याच्या मधोमध खिळल्यासारखा उभा. पाव तास मामंजी गाडीत बसून होते. शेवटी दुसरा भाविक आला, त्याने भक्तिभावाने दोनदा वाजवली, तेव्हा गाडी हलली.

या घोड्याच्या बरगड्या मोजता येत. जनावरांचा वैद्य आला, त्याने दात बघितले, पोट दाबलं आणि म्हणाला, "रावसाहेब, याला हिरवं घाला. लसूणघास मिळाली तर फारच उत्तम."

झालं. मामंजींनी पुण्याहून लसूणघासेचं बी मागवलं आणि विहिरीमागच्या मोकळ्या वाळूत वाफे पाडून पेरलं. बी उगवलं. बोटभर वर आलं. आणि तिथेच थांबून पिवळं पडलं. रोज सकाळी मामंजी वाफ्यावर ओणवे होऊन बघत आणि पलीकडे खुंट्याला बांधलेला घोडा मामंजींकडे बघे. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रश्न असे.

"वाळूला खत हवं," मामंजी म्हणाले. "पण कोणतं, किती, कसं? सूनबाई, त्या ट्रंकेत शेतकीचं एक पुस्तक आहे, ते काढ."

तो माझा भाग्याचा दिवस. आजवर मी नुसतं वाचत होते. आता माझ्या वाचण्यावर घोड्याचा जीव अवलंबून होता. मी आवाज मोकळा करून बसले. मला एक वाईट खोड होती. मी भराभर वाचत असे, न अडखळता, एखाद्या कीर्तनकाराला दम लागेल असं. ऐकणाऱ्याने थक्क व्हावं एवढाच हेतू.

"'वाळूच्या जमिनीत खत घालताना फार जपावे,'" मी सुरू केलं. "'मासळीचे खत त्यास उत्तम. मात्र अशा जमिनीत,'" इथे मी न थांबता पान उलटलं, "'सर्व खत एकदम पसरून वर भरपूर पाणी सोडावे, म्हणजे ऊस जोमाने वाढतो.'"

मामंजींची पापणी जड झाली होती, ती उघडली. "ऊस?"

"उदाहरणादाखल असेल, मामंजी," मी म्हटलं आणि पुढे वाचत सुटले.

दाराआडची भांडी त्या वेळी क्षणभर थांबली होती. मी त्याला माझ्या वाचनाचा प्रभाव समजले.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी पारूला बोलावलं. पारू शीव कोळीवाड्याची. रोज डोक्यावर टोपली घेऊन आमच्या आळीत मासळी विकायला येई. तिच्याच सांगण्यावरून चार दिवसांनी बैलगाडी आली, तीत बारा पाट्या. कोणी घेतली नाही, नीट वाळली नाही, उन्हात पडून राहिली, अशी सगळी मासळी. आम्ही मासे खाणारी माणसं, माशाच्या वासाला आम्ही नाक मुरडत नाही. पण ती गाडी दारात आली तेव्हा घोड्यानेसुद्धा तोंड फिरवलं.

पारूने पाट्या उतरवून घेतल्या आणि मला म्हणाली, "सूनबाय, एक पाटी आता घाल. शेणात कालवून घाल. बाकीची खड्ड्यात बुजवून ठेव. कापणी झाली की दुसरी. वालू हाय ही. तिच्या पोटात काय ऱ्हात नाय."

"पारू," मी समजुतीच्या स्वरात म्हटलं, "पुस्तकात एकदम घालायला सांगितलंय."

पारूने माझ्याकडे, मग मामंजींकडे पाहिलं. "बुकात?"

"छापलेलं आहे," मामंजी म्हणाले.

छापलेल्यापुढे ती काय बोलणार? तिने पदर खोचला आणि निघून गेली.

बाराच्या बारा पाट्या वाफ्यांवर पसरल्या. मग रहाटाला बैल जुंपून दोन दिवस पाणी सोडलं. मी वाफ्याच्या कडेला उभी राहून "अजून, अजून" म्हणत होते. पाणी वाळूत जिरत होतं, दिसेनासं होत होतं, आणि मला वाटत होतं, किती आवडीने पिते आहे जमीन.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला.

तो वास मी सांगू शकत नाही. आधी मांजरं आली. आमच्या आळीतली चार, मग परळच्या बाजूची असावीत अशी अनोळखी. मग कावळे. मग घारी इतक्या जमल्या की अंगणात पापड वाळत घालायची सोय उरली नाही. घरात उदबत्त्या लावल्या, धूप जाळला. त्यामुळे धूप घातलेल्या मासळीचा वास येऊ लागला.

'हे' संध्याकाळी कचेरीतून आले ते कोटाच्या बाह्या हुंगतच. "आज साहेबाने माझं टेबल खिडकीपाशी हलवलं," ते म्हणाले.

"मोठी मेहेरबानी म्हणायची," सासूबाई म्हणाल्या.

"मेहेरबानी कसली? खिडकीकडे तोंड करून बस म्हणाला."

पण खरे हाल झाले शेजारच्या शास्त्रीबुवांचे. त्यांचं घर आमच्या खालच्या अंगाला, जमीन उतरत जाते तिथे. कांदासुद्धा न खाणारं घर ते. बुवा नाकाला उपरणं लावून कुंपणाशी आले. "रावसाहेब, हे काय चालवलंय?"

"शेतकी," मामंजी म्हणाले.

"किती दिवस चालेल?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात ते दिलं नव्हतं.

बुवा भांडखोर नव्हते. त्यांनी वासाच्या निवारणार्थ घरात अनुष्ठान सुरू केलं. रोज पहाटे त्यांचा मंत्रघोष आमच्या कानी येई आणि आमचा वास त्यांच्या नाकी जाई.

आणि लसूणघास? ती आधी पिवळी होती, आता कडेने काळी पडू लागली. मी रोज तिला बघून येई आणि मामंजींना सांगे, "आज जरा बरी दिसते." पंधराव्या दिवशी सासूबाई स्वतः जाऊन बघून आल्या. आल्या आणि ओटीच्या उंबऱ्यावर उभ्या राहून मामंजींना म्हणाल्या, "अहो, जनावर उपाशी, मुलगा कचेरीत बाटल्यासारखा वेगळा बसतो, आणि पीक जळलं. पुस्तकावर संसार करायचा असेल तर पुस्तकाला आधी स्वयंपाक शिकवा. महिनाभरात त्या वाफ्यात हिरवं दिसलं नाही, तर हे दुपारचं वाचन बंद."

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मी ते पदराखाली घेतलं, कोणी तिथल्या तिथे काढून नेईल म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. हसण्यासारखं सांगतेय खरी, पण त्या घरात तो अर्धा तास सोडला तर माझं म्हणावं असं काही नव्हतं.

खत घातल्याला महिना व्हायला आला. आमच्या वाफ्यात हिरवं दिसलं नाही. हिरवं दिसलं ते कुंपणापलीकडे.

शास्त्रीबुवांनी म्हशीसाठी म्हणून केव्हातरी गिनी गवताचे चार ठोंब कुंपणालगत लावले होते आणि ते विसरूनही गेले होते. एका सकाळी मी विहिरीवर गेले आणि कळशी हातातच राहिली. गवत माझ्या खांद्याला लागलं होतं. आठ दिवसांनी ते मामंजींच्या पगडीच्या वर गेलं. पातं हाताच्या पंज्याएवढं रुंद, रंग इतका गडद की सावलीत काळा वाटावा, आणि वाऱ्याबरोबर असा आवाज की आत कोणीतरी रेशमी लुगडं नेसून चाललंय. मी समुद्राकाठी दोन वर्षं राहत होते, पण त्या कोरड्या, फिक्या वाळूत एवढी ताकद दडलेली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आम्ही सगळे कुंपणाशी उभे राहून बघत होतो. सासूबाईसुद्धा. आपण देवळात आलो आहोत आणि चप्पल काढायची राहिली, तसं काहीतरी वाटत होतं.

"अनुष्ठानाचं फळ," पलीकडून शास्त्रीबुवा हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बातमी पसरली. लालबागेहून, परळहून माणसं बघायला येऊ लागली. काही जण पातं तोडून घरी देव्हाऱ्यात ठेवायला नेत. बुवांनी सत्यनारायण घातला आणि आम्हांला आग्रहाचं बोलावणं केलं. मामंजी गेले. आपला वाफा जळलेला असताना शेजाऱ्याच्या गवताचं कौतुक करायला जाणं सोपं नसतं, पण ते पगडी घालून गेले. आम्ही बायका आत माजघरात.

पूजा झाली. आरतीला सुरुवात झाली आणि बुवांनी घंटा हातात घेतली.

घंटा म्हटल्यावर माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमचा घोडा कुंपणाच्या अलीकडे खुंट्याला बांधलेला. दोन टोले ऐकताच त्याने मान खाली घातली, छातीने जोर लावला आणि खुंट्यासकट निघाला. वाटेत कुंपण होतं, ते त्याने बरोबर घेतलं. तिसरा टोला पडला, थांबला. पुढचे दोन पडले, चालू लागला. आरती चांगली लांबलचक होती. घोडा एक टप्पा चाले, एक टप्पा उभा राही, असं करत तो भर गवतात शिरला. बाहेरून त्याचे नुसते कान दिसत होते. मग घंटा थांबली, घोडाही थांबला, आणि दुसरं काम नसल्यामुळे खाऊ लागला.

मामंजी लाजेने अर्धे झाले. "बुवा, माफ करा. आत्ता बाहेर काढतो."

"असू दे," बुवा हात जोडून म्हणाले. "आरतीच्या नादाने मुकं जनावर ओढलं गेलं. त्याचा प्रसाद त्याला घेऊ द्या."

दुसऱ्या दिवशी पारू मासळी घेऊन आली. मी तिला ओढतच विहिरीमागे नेलं. "पारू, सारखं पाणी घातलं, खत घातलं. आमचं असं का झालं गं?"

तिने टोपली खाली ठेवली, वाफ्यात उकिडवी बसली आणि कोपरापर्यंत हात वाळूत खुपसला. मूठ वर काढून हुंगली. "हितं काय नाय." चार पावलं उताराकडे गेली, पुन्हा हात घातला. "हितून गेलंय." मोडलेल्या कुंपणापाशी तिसऱ्यांदा हात घातला, बराच खोल, आणि मूठ माझ्या नाकाशी धरली. ओली, काळपट वाळू. तीत माशाचे दोन खवले चमकत होते. आणि वास तोच, आमचा घरचा.

"तुजं सगलं खत हितं हाय," ती म्हणाली. "तू वरून पानी सोडलंस, वालूने ते खाली सोडलं. बामनाच्या गवताने खाल्लं. देव बरा हाय, पन त्याला मासली मी दिली."

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. तीन मुठींत तिने सगळी हकिकत वाचली होती, एकही ओळ न गाळता. मी आजवर पुष्कळ विद्वान माणसं पाहिली, पण अंगावर काटा आला तो तेव्हा एकदाच.

ती गेल्यावर मी पुस्तक घेऊन माडाखाली बसले. म्हटलं, पुस्तक खोटं कसं छापतील? ते पान काढलं. 'मात्र अशा जमिनीत' इथे पान संपत होतं. मी पान बोटांत धरलं तर ते जाड लागलं. उजेडात धरलं. एक नव्हे, दोन पानं होती. कोणे एके काळी कोणाच्या तरी भाकरीवरून काकवीचा थेंब पडून ती घट्ट चिकटली होती. (आमच्या शेतीत उसाचा संबंध आला तो एवढाच.) मी नखाने हळूहळू ती सोडवली. आत लिहिलं होतं: 'ओल व खत धरून ठेवण्याची शक्ती नसते. एकदम घातलेले खत पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. सबब चाऱ्याच्या पिकास ते थोडे थोडे, शेणात मिसळून, दर कापणीनंतर द्यावे.'

म्हणजे पारूच बोलत होती. फक्त छापून.

मला सांगायची हिंमत होईना. पण न सांगता राहवेना. दुपारी ओटीवर मी पुस्तक मामंजींपुढे ठेवलं आणि म्हटलं, "मामंजी, चूक पुस्तकाची नाही. दोन पानं चिकटली होती. मी न बघता उलटली. जास्त भराभर वाचायला गेले." एवढं बोलून मी मान खाली घातली. आता वाचन संपलं हे मला कळलंच होतं.

मामंजी बोलायच्या आधी दारातून सासूबाईंचा आवाज आला. "तरीच."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. त्या दाराआडून बाहेर आल्या होत्या, हातात एकही भांडं नव्हतं.

"वाळूचं चाललं होतं आणि मध्येच ऊस आला. मला तेव्हाच वाटलं, दादरला ऊस कुठला?"

"अगं, मग बोलली का नाहीस?" मामंजी म्हणाले.

"मला काय कळतंय?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, पुस्तकांत असंच असतं. शिकलेली माणसं दोघं बसली होती समोर."

म्हणजे ही बाई महिनोन् महिने भांडी आपटत नव्हती, ऐकत होती. शब्द न् शब्द. आणि ओटीवरच्या आम्हा दोघांपेक्षा नीट. मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी पहिल्यांदाच नजर चोरली.

मामंजी त्याच संध्याकाळी शास्त्रीबुवांकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुळीच विश्वास ठेवला नाही. "रावसाहेब, तुम्ही मोठ्या मनाचे आहात," ते म्हणाले, "पण पुण्याई कोणाची ते मला माहीत आहे." आणि तेव्हापासून ते रोज गवताचा एक भारा आमच्या घोड्याला प्रसाद म्हणून पाठवू लागले. आमचंच खत आम्हांला अशा रीतीने परत मिळू लागलं. मासळीचं ते गवत आहे हे शेवटपर्यंत त्यांच्या म्हशीला माहीत होतं, पण बुवांना नाही.

वाफे आम्ही पुन्हा केले. या वेळी पारू सांगत होती आणि मी टोपली धरत होते. पसाभर खत, शेण, कुजका पाला, वर झारीने पाणी. दर कापणीनंतर पुन्हा तेवढंच. लसूणघास गुडघ्याला लागली. फार उंच नाही, पण हिरवीगार, आणि सकाळी तिच्या त्रिदळांवर दव असं थांबे की आत पाय टाकवत नसे. पहिली पेंढी मी स्वतः घोड्यापुढे ठेवली. तो खात होता आणि मी त्याच्या जबड्याचा आवाज ऐकत होते. वाळूचा घास झालेला मी तेव्हा पाहिला.

वाचन बंद झालं नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून सासूबाई ओटीवर येऊन माझ्या शेजारी बसू लागल्या. माझ्यावर त्यांचा काडीचाही भरवसा उरला नव्हता. त्यांनी मामंजींकडून पहिल्यांदा आकडे शिकून घेतले, ते पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवायला. मी पान उलटलं की त्या म्हणत, "सत्तावीस." थांबून खात्री करत. "आता अठ्ठावीस. हं, वाच." पुढे त्यांना संशय आला की मी पानं गाळत नसले तरी ओळी गाळत असेन. मग त्या अक्षरं शिकल्या. वर्षभरात त्या माझ्या चुका काढू लागल्या आणि तिसऱ्या वर्षी मामंजींना त्याच वाचून दाखवू लागल्या, सावकाश, एकेक शब्द तपासून.

आजकाल कोणी बायकांच्या सभेत माझी ओळख करून देताना सांगतं, की त्या काळात या बाईंनी आपल्या सासूला साक्षर केलं. टाळ्या पडतात. मी विनयाने मान खाली घालते. शिकवण्याची पद्धत कोणती होती, हे अजून कोणी विचारलेलं नाही.